अकरा पस्तीसची गाडी

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनाला खेटून एक छोटं, खासगी स्टेशन होतं. तिथून सकाळी अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी एक गाडी सुटायची. तिच्या खिडकीवर दोन तऱ्हेची तिकिटं मिळत. एक परतीचं, दुसरं फक्त जाण्याचं. परतीचं तिकीट माणसांसाठी आणि जाण्याचं शवपेटीसाठी.

ही कल्पित गोष्ट नाही. १८५४ ते १९४१ अशी ८७ वर्षं ही गाडी धावली. लंडनमध्ये मेलेल्या माणसांना ती ३७ किलोमीटरवरच्या ब्रुकवुड नावाच्या कबरस्तानात पोचवायची. बरोबरची माणसं विधी उरकून, चहा-सँडविच घेऊन दुपारच्या गाडीने परतायची. हिला वेळापत्रक होतं, पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग होते, आणि ते वर्ग मेलेल्यांनाही लागू होते.

आपल्याकडे मालवणात कोणी गेलं तर चार खांदे आणि अर्ध्या तासाची वाट पुरते. वाडीचं स्मशान व्हाळाच्या काठी नाहीतर किनाऱ्यालगत असतं. तेव्हा मेलेल्या माणसाला आगगाडीत बसवून परगावी पोचवायची पाळी एखाद्या शहरावर का यावी, हेच आधी आपल्याला नवल वाटतं. पण या गाडीचा माग काढत गेलं की ती मुंबईपाशी येते, तिथून थेट आपल्या कोकणातल्या घरापर्यंत येते.

एका शहराची कोंडी

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत लंडनची वस्ती दुपटीहून जास्त वाढली. मरणाऱ्यांची संख्याही त्या मानाने वाढली, पण पुरायच्या जागा होत्या तेवढ्याच राहिल्या. चर्चच्या आवारातली ती जुनी, चिंचोळी कबरस्तानं. एका कबरीवर दुसरी, तिच्यावर तिसरी, असं करत काही आवारांतली जमीन रस्त्याच्या कितीतरी वर आली. नव्या पेटीला जागा करायची तर जुनी उकरायची, एवढाच मार्ग उरला.

जॉर्ज वॉकर नावाच्या एका सर्जनने १८३९ साली या कबरस्तानांवर एक पुस्तकच काढलं. त्यात ईनन चॅपल या प्रार्थनाघराची हकीकत होती. वर प्रार्थना चालायची आणि खालच्या तळघरात सुमारे बारा हजार देह कोंबलेले होते. तळघर आणि सभागृह यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची जमीन, बस्स. मग १८४८-४९ची कॉलऱ्याची साथ आली. एकट्या लंडनमध्ये चौदा हजारांवर माणसं गेली. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे तेव्हा बहुतेक डॉक्टरांना मान्य नव्हतं. रोग दुर्गंधीतून येतो असा समज होता, त्यामुळे सगळ्यांचं बोट कबरस्तानांकडे गेलं. निदान चुकीचं होतं, पण त्यातून जे पाऊल उचललं गेलं ते मोठं होतं. शहराच्या आत पुरणं बंद करायचं ठरलं.

मग पुरायचं कुठे? सर रिचर्ड ब्राउन आणि रिचर्ड स्प्राय या दोघांनी उत्तर दिलं: शहर वाढून वाढून जिथवर कधी पोचणार नाही इतक्या लांब. वोकिंगजवळचं ओसाड माळरान त्यांनी हेरलं. तिथवर न्यायला आगगाडी तयारच होती, कारण लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचा मार्ग त्या माळावरूनच जात होता. १८५२ साली पार्लमेंटच्या कायद्याने कंपनी स्थापन झाली. तिने सुमारे दोन हजार एकर जमीन घेतली आणि त्यातल्या पाचशे एकरांवर कबरस्तान आखलं. त्या काळी जगात याहून मोठं कबरस्तान नव्हतं. शेकडो वर्षं लंडनचे सगळे मृत इथे मावतील असा कंपनीचा हिशेब होता.

पेटीचं तिकीट

रेल्वेतून मृतदेह न्यायचे ही कल्पना सगळ्यांनाच पटली असं नाही. लंडनचे बिशप चार्ल्स ब्लोमफील्ड यांनी तर आधीच, १८४२ साली, पार्लमेंटच्या समितीपुढे हरकत नोंदवली होती. रेल्वेची घाई नि गोंगाट अंत्ययात्रेच्या गांभीर्याला शोभत नाही, ही पहिली हरकत. दुसरी जास्त मासलेवाईक होती: प्रतिष्ठित घरातला देह आणि बदफैली माणसाचा देह एकाच गाडीतून जाणार, हे त्या सभ्य घराला कसं सोसावं?

कंपनीने या हरकतीवर जो तोडगा काढला तो बघितला की हसावं की कपाळाला हात लावावा कळत नाही. गाडीचे आधी दोन भाग केले. एक अँग्लिकन, म्हणजे सरकारी चर्चच्या लोकांसाठी, दुसरा इतर सगळ्या पंथांसाठी. मग प्रत्येक भागात पहिला, दुसरा, तिसरा वर्ग. शोक करणाऱ्यांचे डबे वेगळे आणि पेट्यांच्या डब्यातही वर्गवार कप्पे. कबरस्तानात पोचल्यावर पुन्हा दोन स्टेशनं. उत्तरेचं इतर पंथीयांचं, दक्षिणेचं अँग्लिकनांचं. मुख्य मार्गावरून गाडी उलटी ढकलत, मागे मागे करत आत आणायचे.

दर कायद्यानेच ठरवून दिलेले. माणसाला परतीचे सहा, साडेतीन आणि दोन शिलिंग. पेटीला जाण्याचे अनुक्रमे वीस शिलिंग म्हणजे एक पौंड, पाच शिलिंग आणि अडीच शिलिंग. पहिल्या वर्गातली पेटी कारागिरीत आणि सजावटीत वरचढ असायची आणि तिची उठाठेवही जपून व्हायची, पण इंजिन एक, रूळ एक आणि पोचायची वेळही एक. फरक पुढे दिसायचा. पहिल्या वर्गाचा अंत्यविधी घेतला तर कबरीची जागा स्वतः निवडता यायची आणि वर कायमचं स्मारक उभारता यायचं. तिसऱ्या वर्गात मुख्यतः निराधार, ज्यांचा खर्च त्यांची परगणा-संस्था उचलायची. त्यांच्या कबरीवर दगड बसवायचा हक्क नव्हता. तरी एक गोष्ट कंपनीच्या बाजूने सांगायलाच हवी: लंडनमध्ये गरिबांना एकाच खड्ड्यात ढीग करून पुरायची रीत होती, ब्रुकवुडला मात्र निराधारालाही स्वतंत्र कबर मिळे.

लंडनकडचं स्टेशनही विचारपूर्वक बांधलेलं होतं. रेल्वेचे रूळ कमानींवर, रस्त्याच्या बरेच वर. पेट्या खाली उतरवून घ्यायच्या आणि वाफेवर चालणाऱ्या लिफ्टने फलाटावर चढवायच्या. प्रत्येक कुटुंबाला वेगळी खोली, म्हणजे एकाच्या दुःखात दुसऱ्याची वर्दळ नको. कबरस्तानातल्या दोन्ही स्टेशनांवर फराळाची सोय होती आणि मद्य विकायचा परवानाही होता.

१३ नोव्हेंबर १८५४ला पहिली गाडी निघाली. तिने नेलेले पहिले मृत म्हणजे लंडनच्या बरो भागातल्या एका गरीब जोडप्याची मृतावस्थेत जन्मलेली जुळी मुलं. एवढा मोठा कायदा, दोन हजार एकर जमीन, वाफेची लिफ्ट, आणि सुरुवात झाली ती अशी, परगण्याच्या खर्चाने, तिसऱ्या वर्गातून.

या स्वस्त तिकिटाची एक मजा इंग्रज अजून चवीने सांगतात. कबरस्तानाजवळ पुढे गोल्फचं मैदान झालं. अंत्ययात्रेच्या गाडीचं भाडं वर्षानुवर्षं तेच राहिलं आणि साध्या गाडीचं मात्र वाढत गेलं. तेव्हा काही गोल्फवाले काळे कपडे चढवून, चेहरा लांब करून या गाडीत बसायचे म्हणे!

मुंबईकर त्या वाटेवर

ब्रुकवुडची जमीन सगळ्या पंथांना खुली होती. १८६२ साली पारशी समाजाने तिथे स्वतःची जागा घेतली. पारश्यांचा अंत्यविधीचा मनोरा, मलबार हिलवरचा दोखमा, जिथून हजारो मैल लांब, तिथे परदेशात वारलेल्या मुंबईकर पारश्याला ती हक्काची जागा झाली. जमशेटजी टाटा १९ मे १९०४ला जर्मनीत बाड नाउहाइम इथे वारले. त्यांची समाधी ब्रुकवुडला आहे. धाकटे चिरंजीव सर रतन टाटा १९१८ साली इंग्लंडात गेले आणि थोरले सर दोराबजी १९३२ साली जर्मनीत. तेही ब्रुकवुडलाच आहेत. मुंबईचं ताजमहाल हॉटेल बघून भारावणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की ते उभारणारा माणूस लंडनच्या मृतांच्या स्टेशनापासून तासाभराच्या अंतरावर चिरनिद्रा घेतोय?

याच कबरस्तानात चार्ल्स ब्रॅडलॉ यांची कबर आहे. ब्रॅडलॉ हे कडवे नास्तिक आणि पार्लमेंटचे सभासद. हिंदुस्थानाच्या बाजूने ते इतके बोलत की त्यांना 'हिंदुस्थानचे सभासद' असंच म्हटलं जाई. १८८९ साली काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला ते जातीने आले होते. ३० जानेवारी १८९१ला ते वारले. अंत्यविधीला इतकी गर्दी उसळली की खास गाड्या सोडाव्या लागल्या. त्या गर्दीत बॅरिस्टरीचा अभ्यास करणारा एक एकवीस वर्षांचा हिंदी विद्यार्थी होता, मोहनदास गांधी. परतीच्या गाडीची वाट बघत उभं असताना एक नास्तिक आणि एक पाद्री यांच्यात फलाटावरच देव आहे की नाही यावर जुंपली. ती हकीकत गांधींनी आपल्या आत्मकथेत नोंदवून ठेवली आहे.

पुढे ५७ वर्षांनी, त्याच ३० जानेवारीच्या तारखेला गांधीजींची हत्या झाली. १९४८च्या ११ फेब्रुवारीला त्यांच्या अस्थी घेऊन दिल्लीहून एक खास गाडी निघाली आणि १२ला प्रयागला संगमावर विसर्जन झालं. त्या गाडीला तिसऱ्या वर्गाचे डबे लावले होते, कारण गांधीजी जिवंतपणी तिसऱ्या वर्गानेच फिरायचे. ब्लोमफील्डसाहेबांना मेल्यावर आपल्या वर्गाबाहेरच्यांची संगत नको होती. इथे एका माणसाने आयुष्यभर धरलेला वर्ग मेल्यावरही सोडला नाही.

आणखी एक गंमत. १८७८ साली ब्रुकवुडच्या कंपनीने आपल्या जमिनीचा एक तुकडा विकला. घेणारी संस्था होती इंग्लंडमध्ये दहनाचा प्रचार करणारी क्रिमेशन सोसायटी. पुरायचा धंदा करणाऱ्या कंपनीने जाळणाऱ्यांना जागा दिली! तिथे इंग्लंडमधलं पहिलं दहनगृह उभं राहिलं आणि २६ मार्च १८८५ला पहिलं दहन झालं. कार्ल मार्क्सचे मित्र फ्रेडरिक एंगल्स १८९५ साली वारले, तेव्हा त्यांना निरोप देणारी सभा याच मृतांच्या स्टेशनावर भरली, मग देह वोकिंगला नेऊन दहन केलं आणि राख इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रात सोडली. दर्यात राख सोडण्याची ही रीत मालवणच्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको.

गाडी आणणारा आणि स्मशान राखणारा

आता मुंबई. लंडनची ही गाडी सुरू झाली त्याच्या दीड वर्ष आधी, १६ एप्रिल १८५३ला, बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली आगगाडी धावली होती. तेव्हाची मुंबईसुद्धा वाढत होती, दाटत होती. तिच्यापुढे लंडनचाच प्रश्न होता.

मरीन लाइन्स स्टेशनाजवळची चंदनवाडीची स्मशानभूमी आज सगळ्यांना माहीत आहे. हा भाग जुना सोनापूर. दहनाच्या आणि दफनाच्या जागा तिथे शेजारी शेजारी होत्या. एके काळी शहराच्या कडेला असलेलं हे सोनापूर वस्ती वाढत गेली तसं शहराच्या मधोमध आलं. ख्रिस्ती कबरस्तान पुढे शिवडीला गेलं. तिथली जागा १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरांच्या पुढाकाराने मिळाली होती. हिंदूंचं स्मशानही सोनापुरातून उठवून शिवडीला न्यायचा सरकारचा बेत होता. तो हाणून पाडला जगन्नाथ शंकरशेट यांनी.

हे नाव इथे येतं तेव्हा मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गंमत वाटते. कारण मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४०च्या दशकात धडपडणारे, आणि जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या पहिल्या भारतीय संचालकांपैकी एक असलेले, तेही नाना शंकरशेटच. रेल्वेचं बळ त्यांना इतरांपेक्षा चांगलं कळलेलं होतं. ३७ किलोमीटरवर देह नेता येतो हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी त्यांनी धरलेला आग्रह असा, की सोनापुरालगतच्या गिरगावातल्या माणसाचं स्मशान गिरगावकराच्या पायी जाण्याच्या अंतरावर असलं पाहिजे.

यात भावना होती तसं शुद्ध व्यवहारज्ञानही होतं. पुरलेला देह जागा अडवून राहतो, शतकभर राहतो. चितेची जागा दुसऱ्या दिवशी मोकळी होते. म्हणून लंडनला जिथे दोन हजार एकर घ्यावे लागले तिथे सोनापूरला एक आवार पुरलं. पुढे समुद्राच्या कडेने रेल्वे आली, स्टेशन झालं, गाड्या वाढल्या. चितेच्या धुराशेजारून लाखो चाकरमानी रोज ऑफिसला जात-येत राहिले. गाडीही तिथेच आणि स्मशानही तिथेच.

लंडनचं काय झालं? कंपनीची अपेक्षा वर्षाला दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दफनांची होती. प्रत्यक्षात सरासरी पडली सुमारे तेवीसशेची. ८७ वर्षांत मिळून जेमतेम दोन लाखांवर. ज्या १८५२ सालात कंपनीचा कायदा झाला, त्याच साली लंडनच्या परगण्यांना स्वतःची कबरस्तानं काढायची मुभाही मिळाली होती. घराजवळ नवी जागा झाली की लोक तिकडे वळले. कबरीवर फूल ठेवायला दर रविवारी कोण ३७ किलोमीटर जाणार? नंतर मोटारी आल्या. रोजची गाडी आठवड्यातून एक-दोनदा सुटू लागली. शेवटची अंत्ययात्रा ११ एप्रिल १९४१ला गेली आणि पाचच दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, जर्मन बॉम्बनी लंडनचं ते स्टेशन उद्ध्वस्त केलं. युद्ध संपल्यावर ती गाडी पुन्हा सुरू झाली नाही. वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवर १२१ क्रमांकाची त्याची दर्शनी इमारत तेवढी अजून उभी आहे.

लंडनचं बघून इतर शहरांनीही अशा गाड्या काढल्या होत्या. सिडनीत १८६७पासून रुकवुडच्या कबरस्तानाला गाडी जायची. १८६९ साली तिच्यासाठी शहरात नक्षीदार दगडी स्टेशन बांधलं. तिथे मृताला तिकीटच नव्हतं, सोबतच्यांना परतीचा एक शिलिंग. ती १९४८ला थांबली. कबरस्तानाकडचं स्टेशन एका चर्चने शंभर पौंडांत विकत घेतलं, दगड सुटे करून कॅनबेराला नेले आणि पुन्हा रचले. आज त्या फलाटाच्या कमानीखाली रविवारची प्रार्थना होते. बर्लिनजवळ स्टान्सडॉर्फला १९१३पासून अशीच गाडी होती. १९६१ साली बर्लिनची भिंत उभी राहिली आणि ती गाडी बंद पडली.

चाकरमान्याची हाडं

लंडनची गाडी मृताला शहराबाहेर न्यायची. आपल्या कोकणाला उलट गाडी हवी होती, शहरातून गावी आणणारी.

जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून (सिंधुदुर्ग त्यातून १९८१ला वेगळा झाला) घरटी एक तरी माणूस मुंबईला असायचाच. गिरणीत, गोदीत, पोस्टात. मनीऑर्डर यायची, गणपतीला नाहीतर होळीला तो स्वतः यायचा. म्हाताऱ्या चाकरमान्याचं एक मागणं असायचं: "माजी हाडां गावच्या मातयेक लागाक व्हयीत." पण ते व्हायचं कसं? भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची, बंदरं घेत घेत देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला यायची. बोट लांब उभी राहायची आणि माणसं होडीतून किनाऱ्याला लागायची. पावसाळ्याचे चार महिने तीही बंद. घाटातून, कोल्हापूरवरून यायचं तर दोन दिवस. आपल्या हवेत देह इतका थांबत नाही. तेव्हा परळ-लालबागचा चाकरमानी मुंबईतच अग्नीला जायचा आणि गावी यायचं ते एक पोस्टकार्ड.

त्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमनच्या हातातच ते ओळखू यायचं. असं कार्ड घरात घ्यायचं नाही. अंगणात उभं राहूनच वाचायचं, वाचून झालं की फाडून टाकायचं आणि सगळ्यांनी आंघोळ करूनच उंबरा ओलांडायचा. वाचता न येणाऱ्या बाईला तर मजकूर लागायचाच नाही, कोपरा बघूनच ती खाली बसायची. एका कोपऱ्यात मावेल एवढंच मरण गावापर्यंत पोचायचं. अस्थींचा कलश मागाहून, जमेल तेव्हा, एखाद्या गाववाल्याच्या ट्रंकेतून यायचा.

मग कोकण रेल्वे आली. २६ जानेवारी १९९८पासून पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या आणि वैभववाडी, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, सावंतवाडी ही स्टेशनं मुंबईला एका रात्रीवर आली. मृतदेह रेल्वेने नेण्याची सोय आपल्या रेल्वेत आहे. पार्सल ऑफिसात नोंद करायची, डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, देह नीट बंद केलेल्या पेटीत हवा आणि सोबतच्या माणसाकडे प्रवासाचं तिकीट हवं. पेटी गार्डच्या डब्यालगतच्या सामानाच्या कप्प्यातून येते. इथे पहिला-दुसरा वर्ग नाही. पण ही वाट धरणारे थोडेच. महामार्गावरून रात्रभर अॅम्ब्युलन्स पळवत सकाळी दाराशी आणणं लोकांना सोपं वाटतं.

इथे मधु दंडवते आठवतात. राजापूर मतदारसंघाचे ते खासदार, १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री. कोकणात गाडी यावी म्हणून ते आयुष्यभर झटले. २००५ साली ते मुंबईत वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दान केला गेला. कोकणच्या माणसाला गावी परतायची वाट करून देणाऱ्याने स्वतःसाठी ना चिता मागितली ना माती.

आता आपली पाळी

मृताच्या गाडीत तीन वर्ग ठेवणाऱ्या इंग्रजांना हसणं सोपं आहे. पण सिंधुदुर्गात कितीतरी गावांत आजही वाडीवार नि जातवार वेगळी स्मशानं आहेत. एकाला रस्त्यालगत पत्र्याची शेड, दुसऱ्याला झुडपातून पायवाट. त्या गाडीला निदान दर लिहिलेले होते. आपली वर्गवारी कुठेच लिहिलेली नाही आणि तरी सगळ्यांना पाठ आहे.

जुलैतला एक दिवस डोळ्यांसमोर आणा. पाऊस लागलेला. मुंबईहून पाचशे किलोमीटर चालून अॅम्ब्युलन्स वाडीत पोचते. वाडीत खांदा द्यायला माणसं कमी, कारण तरुण सगळे मुंबईत नाहीतर गोव्यात. व्हाळाला पाणी, साकव नाही, म्हणून तिरडी पाण्यातून न्यायची. आंब्याची लाकडं ओली, शेणी भिजलेल्या, शेडचे पत्रे उडालेले. रेल्वेने आणि रस्त्याने पाचशे किलोमीटर जवळ केले, शेवटचे पाचशे मीटर तसेच राहिले. वर, जिथून पिढ्यानपिढ्या लोक गेले ती जागा कागदावर भलत्याच्याच नावावर निघते. गावोगावी जमिनी विकल्या जातायत, कुंपणं पडतायत. कुंपण पडल्यावर वाट मागायला जाणं किती कठीण, ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा.

अकरा पस्तीसची गाडी बंद पडली ती लोकांना रेल्वेची भीती वाटत होती म्हणून नव्हे. आपलं माणूस नजरेच्या टप्प्यात असावं, हे लंडनकरालाही वाटत होतं आणि घराजवळ जागा मिळताच त्याने ती घेतली. नाना शंकरशेटांना हे ती गाडी बंद पडण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. मृतांसाठी जवळची जागा राखणं हे शहराचं काम आहे तसंच गावाचंही आहे, आणि ती जागा राखायची वेळ कोणी जायच्या आधीची असते.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा दोन प्रश्न नक्की विचारा. आपल्या स्मशानाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? आणि तिथवरची वाट गावाच्या नकाशात आहे का? उत्तर नाही मिळालं तर पावसाच्या आधी अर्ज द्या.